पाव दराची रांग : एका एसटीडी बूथचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या फाटकासमोर सात बाय आठ फुटांचा एक गाळा आहे. आज तिथे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, सातबारा-आठ अ चे उतारे आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात एक काचेची केबिन उभी आहे. आत माणूस उभा राहू शकत नाही, कारण कागदाच्या रिमांची खोकी छातीपर्यंत रचलेली आहेत. दारावरची पिवळी अक्षरं कुणीतरी खरवडायला घेतली आणि अर्ध्यावर कंटाळून सोडून दिली. केबिनच्या वर, छताला लागून, हाताने रंगवलेला कोडचा तक्ता अजून आहे. मुंबई ०२२, कोल्हापूर ०२३१, नाशिक ०२५३, नागपूर ०७१२. पुण्याच्या पुढे ०२१२ आहे. तो कोड बदलून ०२० झाला त्यालाही आता जमाना लोटला.

गाळ्याचे मालक सगळ्यांचे अण्णा. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय गेला. तेव्हा त्यांचा इथे एसटीडी बूथ होता, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्या गावी थेट फोन लावायची सार्वजनिक सोय. मी कॉलेजात असताना त्यांच्या बूथवर सुट्टीत बसत असे. पगार नव्हता, पण रात्रीचा शेवटचा चहा आणि बिनपैशाचे दोन फोन मिळायचे. त्यामुळे हे प्रकरण मी थोडं आतून पाहिलेलं आहे. ते मांडायचं कारण एवढंच की 'मोबाइल आला आणि पीसीओ (असे सार्वजनिक फोन) गेले' हे वाक्य सगळेच सहज बोलून जातात, आणि अण्णांच्या गल्ल्याशी ते जुळत नाही. मोबाइल आला १९९५ साली. अण्णांची सगळ्यात भरभराटीची वर्षं त्यानंतरची आहेत.

बूथ मिळाला कसा

१९८१ च्या सुमारास देशाची लोकसंख्या ६८ कोटी होती आणि फोन होते जेमतेम २० लाखांच्या घरात. घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. आमच्या गावाहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरने जोडून द्यायचा फोन. पोस्टात किंवा फोन असलेल्या एखाद्या अडत्याकडे जाऊन नंबर नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचं. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन दर. अर्जंटला दुप्पट, लायटनिंगला आठपट. लायटनिंग कॉल लावणाऱ्याच्या घरी बहुतेक कुणीतरी गेलेलं असायचं, त्यामुळे त्या माणसाला बाकावर जागा करून देण्याची रीत होती.

१९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिचे कर्तेधर्ते सॅम पित्रोदा. धूळ, उकाडा आणि बेभरवशाची वीज सोसणारं, वातानुकूलित खोली न मागणारं छोटं डिजिटल एक्स्चेंज त्यांनी देशातच बनवून घेतलं. तालुक्याच्या गावी थेट एसटीडी फिरवता येऊ लागलं ते त्यामुळे. पण यंत्राइतकीच महत्त्वाची होती त्यामागची समजूत. प्रत्येक घरात फोन देणं त्या पैशात शक्य नव्हतं. मग फोन घराघरात न देता चौकाचौकात द्यायचा, आणि तो सांभाळायला सरकारी नोकर न नेमता स्थानिक माणसाला धंदा म्हणून द्यायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्या दिसू लागल्या त्या अशा.

बूथचं वाटप करताना अपंग, माजी सैनिक, विधवा अशांना प्राधान्य होतं. अण्णांना बूथ मिळाला तो अपंगांच्या कोट्यातून. त्याआधी ते स्टँडवर लॉटरीची तिकिटं विकत. सरकारी भाषेत याला पुनर्वसन म्हणत असतील, घरी मात्र अण्णांच्या आईने 'पोरगं मार्गी लागलं' असं म्हणून पेढे वाटले. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी जमीन किती ते विचारलंच नाही म्हणतात, बूथ स्टँडसमोर आहे का एवढं विचारलं.

रात्रीचे अकरा

धंद्याची रचना साधी होती. गिऱ्हाईक केबिनमध्ये जाऊन नंबर लावी. बाहेर टेबलावर मीटर असे, त्यावर लाल आकड्यांत मिनिटं आणि रुपये पळत. एक्स्चेंजकडून पल्स, म्हणजे आकारणीचा ठोका, येई तसा आकडा पुढे सरके. बोलणं संपलं की शेजारचा छोटा प्रिंटर कर्रकर्र करत पावती काढी. पैसे अण्णा घेत, दर पंधरा दिवसांनी दूरसंचार खात्याचं बिल येई, आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा कमिशन म्हणून त्यांचा. म्हणजे ३० रुपयांच्या कॉलमागे सहा रुपये. वर 'सर्व्हिस चार्ज' म्हणून एखादा रुपया, त्यावरून रोज एक तरी भांडण.

या सगळ्या व्यवस्थेचा जीव अंतरात होता. जितका लांबचा फोन, तितका जलद पल्स, तितका मोठा आकडा, तितकं मोठं कमिशन. गावातल्या गावातल्या फोनवर अण्णांचं पोट भरत नव्हतं. पोट भरत होतं ते मुंबईवर. आमच्या भागातली अर्धी माणसं मुंबईला, माथाडी म्हणून किंवा गिरणीत, आणि दुसरी बरीचशी फौजेत. माणसं लांब गेली म्हणून बूथ चालला.

दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर सवलत, आणि रात्री अकरानंतर पाव दर. त्यामुळे आमच्या गावाची एक वेगळीच रात्र तयार झाली होती. शेवटची गाडी साडेनऊला गेली की स्टँड ओस पडायचा आणि पावणेअकराला पुन्हा जागा व्हायचा. शाली पांघरलेल्या बायका, मांडीवर पेंगलेली पोरं, हातात नंबर लिहिलेला कागदाचा कपटा. अकराला पाच कमी असताना केबिनचं दार कुणी उघडत नसे. पहिला नंबर ज्याचा तो भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि अण्णांकडे आळीपाळीने बघे. अण्णा म्हणत, "माझ्या घड्याळाकडं नगा बघू आक्का, एक्स्चेंजचं घड्याळ खरं." दोन मिनिटं आधी लावलेला फोन आधीच्या चढ्या दरात जाई आणि मग रडारड होई.

अकरा वाजले की सगळ्या महाराष्ट्राने एकदमच फोन उचललेला असायचा. 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ही बाई इतकी वेळा ऐकलेली की रांगेतली पोरं तिची नक्कल करत.

केबिनची काच आवाज अडवायला होती. ती अडवत नसे. बाहेर बसलेल्याला पगार किती पाठवला, सासू काय म्हणाली, हुंडा किती ठरला, सगळं कळे. बूथवाल्याने यातलं काही ऐकलेलं नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं, हा गावाचा अलिखित करार होता. अण्णांनी तो पाळला. मी पाळला असं छातीठोक सांगू शकत नाही.

दुसरा धंदा येणाऱ्या फोनचा. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे 'पी.पी.' छापण्याची तेव्हा पद्धत होती, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलावून देतील. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचा पी.पी. नंबर म्हणजे अण्णांचा बूथ. मुंबईहून फोन येई, 'दहा मिनिटांनी करतो, आईला बोलवा.' मग मी सायकल काढायची. बोलावण्याचे दोन रुपये. जम्मूकडे पोस्टिंगला असलेल्या पोरांचे फोन आले की अण्णा ते दोन रुपयेही घेत नसत. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या त्या दोन-अडीच महिन्यांत, फोन वाजला की आधी सगळी रांग गप्प व्हायची.

मोबाइल आला आणि बूथ वाढला

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. मुंबईत त्याच वर्षी मॅक्सटच आणि बीपीएलची सेवा सुरू झाली. दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत, आणि फोन आला तरी पैसे आपलेच कापले जात. त्यामुळे ज्याच्याकडे मोबाइल होता तो माणूस फोन उचलायलाही कचरायचा. नंबर बघून कापायचा आणि जवळच्या बूथवरून उलट फोन करायचा. मुंबईतल्या बूथवाल्यांना मोबाइलवाले हे चांगलं गिऱ्हाईक वाटत ते याचमुळे.

आमच्याकडे तर तो फोन फक्त ऐकून माहीत होता. त्या वर्षांत बूथ वाढले. स्टँडसमोर एकाचे चार झाले, कॉलेजच्या रस्त्याला दोन निघाले, एका न्हाव्याने अर्ध्या दुकानात केबिन घातली. तरी कुणाचा धंदा कमी झाला नाही. ज्याला फोन लावायचा अशा माणसांची संख्या फोन असलेल्या माणसांबरोबर वाढते, आणि लावणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे अजून काहीच नव्हतं.

म्हणून अण्णांनी त्या काळात मोबाइलकडे दुर्लक्ष केलं यात मला त्यांची चूक दिसत नाही. त्यांच्या गल्ल्यातून जे दिसत होतं त्यावरून तोच निष्कर्ष निघत होता. पुढे आलेला घाव यंत्राने घातला नाही, तो दरपत्रकाने घातला. आणि तो एका दिवसात पडलेला नाही.

चार वर्षं

पहिली गोष्ट २००२ च्या सुरुवातीची. लांब पल्ल्याच्या फोनमध्ये खासगी कंपन्यांना वाव मिळाला आणि स्पर्धेच्या धास्तीने सरकारी कंपनी बीएसएनएलने एसटीडीचे दर एकदम खाली आणले. अगदी लांबच्या अंतराला दिवसा मिनिटाला २४ रुपयांच्या आसपास पडत, ते दहाच्या आत आले. गावात आनंद झाला. रांगेतल्या बायका दिवसा फोन करू लागल्या. अण्णाही खूश, कारण गिऱ्हाईक वाढलं. पंधरा दिवसांचं बिल आलं तेव्हा लक्षात आलं की माणसं जास्त येऊनही कमिशन कमी पडलंय. पाव दराची रांग विरळ झाली ती तेव्हापासूनच. रात्रीची वाट बघण्याचं कारणच उरलं नाही.

मग त्याच वर्षी ऑक्टोबरपासून बीएसएनएलची सेलवन ही मोबाइल सेवा, डिसेंबरात रिलायन्सचा मोबाइल. आणि १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. हा दिवस कुणी लक्षात ठेवत नाही. माझ्या मते पीसीओच्या पोटात सुरी गेली ती त्या दिवशी. त्याआधी मोबाइल म्हणजे मीटर चालू असलेली रिक्षा, घरात उभी करून ठेवली तरी पैसे पडणार. त्यानंतर तो फुकटात वाजणारा डबा झाला. माथाडी पोराने मुंबईत एक जुना हँडसेट घेतला आणि आईला गावाकडे एक पाठवला की काम झालं. बोलायचं त्याने, आईने फक्त हिरवं बटण दाबायचं. सायकलवरून निरोप द्यायचे दोन रुपये बंद झाले, आणि केबिनबाहेर बसून गावाची खबर घेणंही बंद झालं.

नोकिया ११०० त्याच वर्षी आला. आमच्या भागात तो इतका खपला यामागे त्याच्या डोक्यावरच्या बॅटरीचा हात मोठा. पुढची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची. बारा-बारा तास वीज नाही, विहिरीवर मोटर चालू करायला रात्री दोनला जायचं, आणि हातात विंचूकाट्यात उजेड देणारा फोन. उलट अण्णांच्या बूथची लाइन वीज गेली तरी जिवंत असे, कारण तिला एक्स्चेंजकडून पुरवठा, पण मीटर आणि प्रिंटर बंद पडत. त्यांनी गाडीची बॅटरी जोडली. तिला चार्ज करायलाही वीज लागायचीच.

२००५ च्या शेवटी 'लाइफटाइम' योजना आल्या. एकदाच ९९९ रुपये भरा, पुढे रिचार्ज केला नाही तरी येणारे फोन येत राहतील. आणि १ मार्च २००६ पासून बीएसएनएल-एमटीएनएलची 'वन इंडिया' : देशात कुठेही एक रुपया मिनिट. सातारा ते मुंबई आणि सातारा ते जम्मू, अंतर एकच झालं.

आता हिशेब करून बघा. पूर्वी तीन मिनिटांच्या लांबच्या फोनला ७०-७५ रुपये पडत, पाचव्या हिश्श्याने अण्णांना १४-१५ मिळत. त्याच तीन मिनिटांना आता तीन रुपये, हिस्सा ६० पैसे. एका जुन्या गिऱ्हाइकाची भरपाई करायला २५ नवी गिऱ्हाइकं हवीत, आणि गाळ्याचं भाडं त्याच दराने उतरलेलं नाही. यात मोबाइलच्या हँडसेटचा कुठेच संबंध येत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. समजा मोबाइल आलाच नसता आणि फक्त दर उतरले असते, तरी काचेची केबिन, मीटर, प्रिंटर आणि दिवसभर बसणारा माणूस एवढा पसारा या कमिशनवर चालला नसता. अंतराला किंमत होती तोवर बूथ होता.

गंमत अशी की देशातल्या पीसीओंची संख्या सगळ्यात फुगली ती याच काळात. २००७-०८ ला ती ५० लाखांच्या पुढे होती. हा आकडा बघून तेव्हा धंदा जोरात आहे असं म्हणणारेही होते. पण त्यात भरणा एक रुपयाच्या लाल डब्यांचा, आणि बराचसा खासगी कंपन्यांच्या बिनतारी यंत्रांचा. डब्याला केबिन नको, माणूस नको. पानटपरीच्या फळीवर, किराणा दुकानाच्या बरणीशेजारी तो बसे. पलीकडून 'हॅलो' आलं की नाणं टाकायचं, तोवर आपला आवाज जात नाही. मिनिट संपत आलं की पीं-पीं. दुकानदाराला तो वरकमाई होता, कुणाचं पोट त्यावर अवलंबून नव्हतं. पुनर्वसनाच्या कोट्यातून बूथ घेतलेल्या माणसाची शेवटची स्पर्धा झाली ती या डब्याशी.

अण्णांनी काय केलं

बसून राहिले नाहीत. लाल डबा त्यांनीही लावला. मग गिऱ्हाइकांनीच विचारलं म्हणून रिचार्जची कुपनं ठेवली. खरवडायची, चांदीच्या रंगाची. त्यावर कमिशन शंभराला तीन-चार रुपये. स्वतःच्या धंद्याला नख लावणारी वस्तू त्याच काउंटरवरून विकायची, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी नाय विकलं तर शेजारचा विकणार. गिऱ्हाईक तरी माझ्या दारात ऱ्हाईल." गिऱ्हाईक राहिलं, हे खरं. कुपनांनंतर सिम, सिमबरोबर आधारची झेरॉक्स, झेरॉक्सच्या मशीनमागे ऑनलाइन फॉर्म. आजचं दुकान त्या वाटेने आलंय. मी पाहिलेल्या बूथवाल्यांपैकी जे टिकले ते जवळपास सगळे याच वाटेने गेले. न्हाव्याने केबिन काढून तिथे तिसरी खुर्ची टाकली, तो सगळ्यात शहाणा.

एसटीडीची लाइन अण्णांनी लगेच परत केली नाही. महिन्याला एखाददुसरा फोन होई तरी ठेवली. डिपॉझिट अडकलेलं हे एक कारण, आणि दुसरं त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. बूथ अपंगांच्या कोट्यातला होता. तो परत करायचा म्हणजे कागदावर आपण पुन्हा लॉटरीवाले. शेवटी रस्तारुंदीकरणात केबल तुटली, लाइन महिनाभर डेड राहिली, तक्रारीला कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी अर्ज लिहिला.

या प्रकरणात मला सगळ्यात खटकतं ते हेच. बूथ देताना राज्याने प्राधान्याची यादी केली होती, अर्ज तपासले होते, प्रमाणपत्रं मागितली होती. दर उतरवण्याचे निर्णय झाले तेव्हा त्या यादीतल्या माणसांचं काय, हा प्रश्न आमच्या भागात तरी कुणी येऊन विचारला नाही. दर उतरायलाच हवे होते. पाव दराच्या रांगेत मांडीवर पोर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईचा विचार केला तर त्याविरुद्ध बोलायला तोंड नाही. पण एका बाजूचा फायदा कोट्यवधींमध्ये वाटला गेला आणि तोटा मोजक्या गाळ्यांमध्ये साचला, एवढं तरी नोंदवून ठेवावं.

उरलेली गिऱ्हाइकं

सार्वजनिक फोनची गरज कुणालाच उरली नाही, असंही नाही. चाइल्डलाइनची १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलाने कुठल्याही फोनवरून पैसे न देता लावावा असा तो नंबर. नंबर फुकट आहेच, पण ज्या मुलाकडे काहीच नाही त्याने आज कुठला फोन उचलायचा? ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीर खोऱ्यात सगळे फोन बंद झाले तेव्हा श्रीनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या मोजक्या चालू फोनांपुढे माणसांच्या रांगा लागल्या होत्या. तिथे पोस्टपेड मोबाइल सुरू व्हायला १४ ऑक्टोबर उजाडला. आणि पुण्याच्या येरवडा कारागृहात नाण्याच्या डब्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये स्मार्ट कार्डाचे फोन आले. रांग लावून, मिनिटं मोजून घरी बोलायचं, हे आता तुरुंगात उरलंय.

ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीने २०२१ मध्ये आपल्या सुमारे १५ हजार सार्वजनिक फोनांवरून देशांतर्गत कॉल फुकट केले. वणवे आणि पूर यांत मोबाइलचे मनोरे पडतात, घरातून पळालेल्या बाईकडे फोन नसतो, असा तिथला विचार. आपल्याकडे असं काही ठेवायचं तर ते ठेवायला डबाच शिल्लक नाही, कारण आपला सार्वजनिक फोन हा मुळात कुणाचा तरी खासगी संसार होता. तो संसार दुसरीकडे वळला तसा फोनही गेला.

मागच्या दिवाळीत मी गाळ्यावर बसलो होतो. स्टँडवर उतरलेला एक पोरगा आत आला, मोबाइल बंद पडलेला. अण्णांनी आपला पुढे केला. "लाव, पैसे नकोत." पोरगा फोन हातात घेऊन तसाच उभा. घरचा नंबर त्याला पाठ नव्हता, तो बंद पडलेल्या मोबाइलात होता. अण्णांनी त्याच्याकडून मोबाइल घेतला आणि काउंटरखालच्या पट्टीवर लावला. तिथे आधीच चार मोबाइल लावलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर वेळ.

"वीस मिनिटांचे दहा रुपये," अण्णा म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून त्यांनी पाचवी चिठ्ठी लिहिली.